वाट सर्वांची, कीं नाकेदाराची?

एखादा सार्वजनिक वाद एकदां निकालांत निघाला अशी समजूत झाली, कीं त्याच्याकडे पाठ फिरवून स्वस्थ बसावें, ही आपल्या सुशिक्षित वर्गाची जुनी खोड आहे. विजयाचा गुलाल अंगावरून उतरण्यापूर्वींच आपण घरीं जातों, आणि ज्याचा पराभव झाला तो मात्र घरीं न जातां दुसऱ्या दाराशीं जाऊन उभा राहतो. आंतरजालाच्या तटस्थतेचा, म्हणजे ज्यास सर्वत्र ‘नेट न्यूट्रॅलिटी’ म्हणतात त्या तत्त्वाचा, वाद आपल्या देशांत २०१५ व २०१६ या दोन वर्षांत मोठ्या हिरिरीनें झाला. निकाल जनतेच्या बाजूनें लागला. आणि त्यानंतर हा विषय जणूं इतिहासजमा झाला अशा थाटांत आपण वागत आहोंत. वस्तुतः वाद संपलेला नाहीं; त्यानें केवळ पोषाख बदलला आहे. म्हणून या तत्त्वाचा अर्थ काय, त्यावर घेतले जाणारे आक्षेप कितपत टिकतात, आणि मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या घरांचा त्याशीं संबंध काय, याचा विचार पुन्हां एकदां मुळापासून करणें अवश्य झालें आहे. ‘हा यंत्रज्ञांचा प्रश्न, आम्हांस त्यांतलें काय कळतें?’ असें म्हणणाऱ्यांस आमचें इतकेंच सांगणें आहे कीं, रस्ता बांधणें हें इंजिनियराचें काम असेल. परंतु त्या रस्त्यानें कोणीं जावें व कोणीं जाऊं नये, हें ठरविणें इंजिनियराचें काम नव्हे.

तत्त्व समजून घेण्यासाठीं आम्हांस आमच्या कासारवाडीबाहेर जाण्याचें कारण नाहीं. पिंपरी-चिंचवडच्या या लहानशा भागांतून पुणें-मुंबईचा हमरस्ता जातो, त्याच्या शेजारून लोहमार्ग जातो, आणि २०२२ च्या मार्च महिन्यापासून डोक्यावरून मेट्रोहि धांवूं लागली आहे. भोसरीच्या एखाद्या लहान कारखान्यांत लेथवर उतरलेले सुटे भाग घेऊन निघालेला टेंपो, आणि चाकणच्या एखाद्या बड्या कारखान्यांतून नव्या कोऱ्या मोटारी लादून आलेला ट्रेलर, हे दोघे नाशिक फाट्याजवळ एकाच रस्त्यास लागतात. ट्रेलर जड, म्हणून त्यास पुढें टोल अधिक पडतो. याबद्दल टेंपोवाल्याची किंवा ट्रेलरवाल्याची तक्रार नाहीं. पण उद्यां जर नाक्यावरचा ठेकेदार म्हणूं लागला कीं, ‘हा माल अमक्या शेटजींचा आहे, त्यांचें आमचें ठरलेलें आहे, यास पुढें सोडा, तो टेंपो कोणाचा कोण जाणे, त्यास बाजूला उभा करा,’ तर त्या दिवसापासून तो रस्ता सार्वजनिक राहिला नाहीं असें कोणीहि शहाणा मनुष्य म्हणेल. पिंपरी-चिंचवडच्या हद्दींत २०१३ च्या मार्चअखेरपर्यंत जकात होती. तिच्याविषयीं व्यापाऱ्यांनीं किती कुरकूर केली हें आम्हां सर्वांस ठाऊक आहे. तरी पण ती जकात मालाच्या जातीवर व किंमतीवर होती. मालकाच्या नांवावर नव्हती.

लोहमार्गाचें उदाहरण याहूनहि बोलकें आहे. खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा मार्ग १८५८ सालीं सुरू झाला, तो याच बाजूनें. कंपनी खासगी, भांडवल विलायतचें, आणि राज्य परक्यांचें. असें असतांहि १८९० च्या रेल्वे कायद्याच्या ४२ व्या कलमानें रेल्वे चालविणाऱ्यांवर असें बंधन घातलें कीं, कोणा एका व्यक्तीस किंवा कोणा एका प्रकारच्या मालास त्यांनीं गैरवाजवी झुकतें माप देतां कामा नये. स्वतंत्र भारताच्या १९८९ च्या रेल्वे कायद्यांतहि ७० व्या कलमांत हेंच बंधन कायम आहे. टपालाची गोष्टहि तीच. १८५४ च्या व्यवस्थेनें पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा हा दर साऱ्या हिंदुस्थानभर एकच ठरला. मग तें पत्र पुण्याहून मुंबईस जावो कीं कलकत्त्यास जावो. सरकारच्या डोळ्यांत सलणारा ‘केसरी’ आणि सरकारची तळी उचलून धरणारें एखादें पत्र, दोघांसहि टपालाचा दर एकच लागे. ज्या सरकारनें टिळकांस मंडालेस धाडलें, त्या सरकारलाहि ‘केसरी’च्या अंकावर दुप्पट तिकीट लावण्याची युक्ति सुचली नाहीं, किंवा सुचली असल्यास, ती अंमलांत आणण्याइतकी निलाजरी वाटली नसेल असें नाहीं.

आंतरजालाची तटस्थता म्हणजे याहून निराळें कांहीं नाहीं. तारेनें किंवा लहरींनीं माहिती वाहून आणणाऱ्या कंपनीनें किती माहिती वाहिली याचा दाम घ्यावा. किती वेगानें वाहिली याचाहि घ्यावा. पण ती माहिती कोणाची आहे व कोणत्या विषयाची आहे हें पाहून दाम कमीजास्त करूं नये, वाट अडवूं नये, आणि वेग मंद करूं नये. ज्यास परवडतें त्यानें पहिल्या वर्गाचें तिकीट खुशाल काढावें. मात्र प्रवाशानें कोणत्या गांवीं उतरावें हें स्टेशनमास्तरनें ठरवूं नये. अमेरिकन कायदेपंडित टिम वू यांनीं २००३ सालीं या विचारास ‘नेटवर्क न्यूट्रॅलिटी’ असें नांव दिलें. नांव नवें आहे; विचार आमच्या टपालपेटीइतका जुना आहे.

आतां आपल्याकडे काय घडलें तें थोडक्यांत सांगतों. २०१४ च्या डिसेंबरांत एअरटेल कंपनीनें इंटरनेटवरून होणाऱ्या संभाषणास निराळा व अधिक दर लावण्याचें जाहीर केलें, आणि गवगवा होतांच थोड्याच दिवसांत तो बेत मागें घेतला. २०१५ च्या मार्चअखेर दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, म्हणजे ‘ट्राय’नें, या विषयावर लोकमत मागविणारी पत्रिका प्रसिद्ध केली. लगोलग एप्रिलांत त्याच कंपनीची ‘एअरटेल झीरो’ ही योजना निघाली. तिचा मथितार्थ असा कीं, जो दुकानदार कंपनीस पैसे देईल त्याच्या दुकानीं गिऱ्हाइकानें फुकट जावें; इतरांच्या दुकानीं जावयाचें तर वाटखर्च गिऱ्हाइकानेंच सोसावा. त्या महिन्यांत दहा लाखांहून अधिक लोकांनीं ट्रायकडे ई-पत्रें धाडलीं. फ्लिपकार्टनें या योजनेंतून अंग काढून घेतलें. दुसरीकडे फेसबुक कंपनीनें रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्यानें २०१५ च्या फेब्रुवारींतच ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ ही योजना कांहीं प्रांतांत सुरू केली होती, आणि त्यांत आपला महाराष्ट्रहि होता. पुढें तिचें ‘फ्री बेसिक्स’ असें बारसें झालें. त्या वर्षाच्या अखेरीस वर्तमानपत्रांतून पानभर जाहिराती झळकल्या आणि ट्रायकडे लाखों छापील मासल्याचीं उत्तरें जाऊन पडलीं. ट्रायनें विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें त्यांत नव्हतीं, हें खुद्द ट्रायलाच त्या कंपनीस कळवावें लागलें. शेवटीं ८ फेब्रुवारी २०१६ रोजीं, राम सेवक शर्मा हे अध्यक्ष असतांना, मजकूर पाहून दर बदलण्यास मनाई करणारा नियम ट्रायनें जारी केला, आणि तीन दिवसांनीं फेसबुकनें आपली योजना भारतांतून काढून घेतली.

या सगळ्या वादांत तटस्थतेविरुद्ध सर्वांत हृदयस्पर्शी युक्तिवाद झाला तो गरिबांच्या नांवानें. ‘ज्याच्या घरीं आंतरजाल मुळींच नाहीं, त्यास थोडें तरी फुकट मिळत असतां तुम्ही पोटभरू लोक तत्त्वाच्या गप्पा सांगून तें कां हिरावून घेतां?’ हा प्रश्न वरवर पाहतां निरुत्तर करणारा आहे, आणि तो विचारणारे सर्वच लबाड होते असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु प्रश्न ‘थोडें कीं कांहींच नाहीं’ असा नव्हताच. प्रश्न होता, तें थोडें कोणीं निवडावें? समजा, एखाद्या वाचनालय नसलेल्या गांवीं एक धनिक येतो आणि म्हणतो कीं, मी फुकट वाचनालय काढतों. पण कपाटांत कोणतीं पुस्तकें असावींत तें मी ठरवीन, पुस्तकाचा कागद व आकार मी सांगेन तसा असावा, कोणी कोणतें पुस्तक उघडलें तें माझ्या कारकुनाच्या नजरेखालून जाईल, आणि पहिल्या फळीवर अर्थातच माझें स्वतःचें चरित्र राहील. फ्री बेसिक्सचा प्रकार याहून फारसा निराळा नव्हता. त्यांत येणाऱ्या स्थळांस फेसबुकच्या तांत्रिक अटी पाळाव्या लागत. सारी रहदारी त्याच कंपनीच्या यंत्रांतून जाई. आणि फुकटांच्या यादींत फेसबुक स्वतः होतेंच. अशा वाचनालयांत वाढलेल्या पिढीस जग तेवढेंच वाटूं लागलें तर दोष त्या पिढीचा नव्हे.

शिवाय, फुकट देण्यास या नियमानें कोणासहि बंदी केलेली नाहीं. देणाऱ्यानें द्यावें, पण सर्व द्यावें, निवडून देऊं नये, एवढेंच नियमाचें म्हणणें आहे. ट्रायनेंच २०१६ च्या डिसेंबरांत ग्रामीण ग्राहकांस दरमहा १०० एमबीपर्यंत माहिती मोफत मिळावी, व ती कोणत्याहि स्थळावर वापरतां यावी, अशा योजनेची शिफारस केली होती. आणि प्रत्यक्षांत काय झालें? नियम होऊन सात महिने लोटतात न लोटतात तों, २०१६ च्या सप्टेंबरांत जिओ कंपनी बाजारांत उतरली, तिनें कांहीं महिने सारेंच आंतरजाल फुकट दिलें, आणि चढाओढीनें दर इतके उतरले कीं, ज्यांस ‘थोडें तरी’ मिळावें म्हणून अश्रु ढाळले जात होते, त्यांच्या हातीं दोन-तीन वर्षांतच अवघें आंतरजाल आलें. गरिबास जें दानानें मिळावयाचें होतें त्याच्या अनेक पट त्यास चढाओढीनें मिळालें. या एका घटनेनंतर तो युक्तिवाद करणाऱ्यांनीं तो पुन्हां उच्चारूं नये, इतकी तरी लाज बाळगावयास हवी होती.

येथें एक अवघड प्रश्न आमचे विरोधक विचारतात, आणि तो टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. २०१३ सालीं एअरसेल कंपनीनें आपल्या ग्राहकांस विकिपीडिया मोफत वाचूं देण्याचा करार केला होता. विकिपीडिया नफ्यासाठीं चालत नाहीं. ती ज्ञानाची धर्मशाळा आहे. मग तीहि फुकट देऊं नये काय? आमचें उत्तर मन घट्ट करून द्यावें लागतें, तें असें: नको. एका सत्कार्यासाठीं नाक्याची फळी वर करण्याचा अधिकार नाकेदारास दिला, कीं फळी खालीं करण्याचा अधिकार त्याच्याच हातीं राहतो. आज तो विकिपीडियास सोडील, उद्यां आपल्या भाच्याच्या दुकानास सोडील, आणि दोन्ही वेळां ‘लोककल्याणासाठीं’ असेंच लिहील. म्हातारी मेल्याचें दुःख नाहीं, पण काळ सोकावतो, ही म्हण अशाच प्रसंगासाठीं आपल्या आज्यांनीं करून ठेविली आहे.

दुसरा आक्षेप मालकीहक्काचा. ‘कंपन्यांनीं कोट्यवधि रुपये ओतून मनोरे उभारले, तारा पुरल्या, स्वतःच्या मालमत्तेचा वापर कसा करावा हें सांगणारे तुम्ही कोण?’ आम्ही कोण, याचें उत्तर सोपें आहे: ज्यांच्या जागेंतून ही मालमत्ता जाते ते आम्ही. ज्या लहरींवर हा सारा व्यापार चालतो त्या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉलच्या खटल्यांत दिलेला आहे. कंपनीनें त्या विकत घेतलेल्या नाहींत. ठराविक मुदतीसाठीं वापरावयास घेतल्या आहेत. आणि तारांचें म्हणाल, तर त्या पुरण्यासाठीं ज्या रस्त्याची आंतडीं बाहेर काढलीं जातात तो रस्ता सार्वजनिक असतो. पावसाळ्यांत त्या खड्ड्यांतून दुचाकी सांवरीत जाणारा करदाता आमच्या कासारवाडींतहि पुष्कळ आढळेल. सार्वजनिक जागेंतून वाट काढावयाची आणि वाट झाल्यावर ती खासगी म्हणावयाची, हा न्याय नव्हे. कंपनीनें नफा करूं नये असें कोणीहि म्हटलेलें नाहीं. वजनावर दर लावून रेल्वे कंपन्यांनीं खूप पैसा मिळविला. त्यास १८९० च्या कायद्याची आडकाठी झाली नाहीं.

तिसरा आक्षेप हा नव्या पोषाखांतला, आणि म्हणून सर्वांत धोक्याचा. पूर्वीं ‘गिऱ्हाइकाकडून निवडक दर घेऊं द्या’ अशी मागणी होती. आतां दूरसंचार कंपन्यांचा संघ, म्हणजे सेल्युलर ऑपरेटर्स असोसिएशन ऑफ इंडिया, गेल्या कांहीं वर्षांपासून असें म्हणत आहे कीं, मोठ्या प्रमाणावर चित्रफिती वगैरे पाठविणाऱ्या बड्या कंपन्यांनीं मार्गाच्या खर्चांत ‘न्याय्य वांटा’ उचलावा. ऐकणारास यांत गैर तें काय असें वाटतें. त्या बड्या कंपन्या विलायती, गडगंज. त्यांच्याकडून चार पैसे काढले तर आमच्या डोळ्यांत पाणी कां यावें? त्यांच्यासाठीं आमच्या डोळ्यांत पाणी मुळींच येत नाहीं. पण हिशेब नीट मांडावा. चित्रफीत आपण होऊन कोणाच्या घरीं शिरत नाहीं. ग्राहक ती मागवितो, म्हणून ती येते. आणि ती मागविण्याचा दाम ग्राहकानें रिचार्ज करतांनाच मोजलेला असतो. एकाच ओझ्याची हमाली घेणाराकडून एकदां आणि पाठविणाराकडून पुन्हां एकदां घेण्यास न्याय्य वांटा हें नांव शोभत नाहीं. शिवाय ही दुसरी हमाली कोणाच्या बोकांडीं बसणार? बडी कंपनी ती भरील आणि आपल्या वर्गणींत मिळवून आपल्याकडूनच वसूल करील. ज्यास भरतां येणार नाहीं तो लहान मनुष्य मात्र वाटेवरून बाजूला होईल. ‘लहानांस आम्ही माफी देऊं’ असें आश्वासन मिळतें. पण ज्याची माफी दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे तो त्या वाटेवरचा हक्कदार नव्हे, आश्रित आहे.

ही भीति कल्पनेंतली नव्हे. दक्षिण कोरियांत २०१६ पासून माहिती पाठविणाऱ्या बाजूनें मार्गाचा दाम द्यावा असे नियम अंमलांत आले. तेथें ट्विच नांवाच्या चित्रफिती दाखविणाऱ्या कंपनीनें प्रथम चित्राचा दर्जा उतरविला, आणि २०२४ च्या फेब्रुवारींत, मार्गाचा खर्च इतर देशांच्या मानानें दसपट पडतो असें सांगून, त्या देशांतील आपला सारा व्यवहार गुंडाळला. ट्विच ही ॲमेझॉनच्या मालकीची. तिची ही कथा, तर आपल्या तालुक्याच्या गांवीं बसून शेतीवरील किंवा संगीतावरील चित्रफिती काढणाऱ्याची काय कथा! आणि वाहणारा व पाठविणारा यांचें एकदां संगनमत झालें म्हणजे काय होतें, याचा धडा जगानें दीडशें वर्षांपूर्वींच घेतलेला आहे. १८७२ सालीं अमेरिकेंत कांहीं रेल्वे कंपन्या व रॉकफेलरप्रभृति तेलाचे बडे कारखानदार यांनीं ‘साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनी’ या नांवाखालीं गुप्त बेत केला. त्यांच्या तेलास भाड्यांत सूट मिळावयाचीच, पण प्रतिस्पर्ध्यांनीं भरलेल्या भाड्यांतूनहि कांहीं हिस्सा यांच्या पदरांत पडावयाचा! बेत फुटला, ओरड झाली, करार रद्द झाले. परंतु तेवढ्या थोड्या काळांत नुसत्या धाकानें क्लीव्हलंड शहरांतील बहुतेक तेलकारखाने रॉकफेलरच्या ताब्यांत गेले होते. अमेरिकेस रेल्वेच्या भेदभावावर कायदा करावयास १८८७ साल उजाडलें, आणि तोंपर्यंत तेलाचा धंदा एका हातांत गेला होता.

चौथा आक्षेप म्हणजे ‘बाजार सर्व कांहीं सरळ करतो, ज्या कंपनीनें अन्याय केला तिला ग्राहक सोडून जाईल.’ बाजारावरील ही श्रद्धा हेवा वाटण्यासारखी आहे. २००५ सालीं अमेरिकेंत मॅडिसन रिव्हर या दूरध्वनि कंपनीनें इंटरनेटवरून संभाषणाची सोय देणाऱ्या व्होनेजची वाट सरळ बंद केली. कारण उघड होतें, तिचा स्वतःचा धंदा बुडत होता. २००७ सालीं कॉमकास्ट या कंपनीनें विशिष्ट प्रकारच्या रहदारीचा वेग ग्राहकांस न सांगतां मंद केल्याचें उघडकीस आलें. ग्राहक सोडून जाईल हें खरें. पण आपल्या पत्राची वाट कोणी अडविली कीं पत्रच उशिरा लिहिलें गेलें, हें त्यास कळावें कसें? आणि सोडून जावें कोठें? २०१६ सालीं आपल्याकडे दूरसंचार कंपन्या पुष्कळ होत्या. आज खासगी बड्या कंपन्या तीन उरल्या आहेत, आणि २०२४ च्या जुलैंत त्या तिघींनींहि पाठोपाठ दर वाढविले. ज्या बाजारांत तीनच दुकानें आहेत आणि तिन्हींचीं भावफलकें एकाच आठवड्यांत बदलतात, त्या बाजाराच्या न्यायबुद्धीवर अवलंबून राहण्यापेक्षां कायद्याचें एक कलम बरें.

प्रतिपक्षाच्या एका म्हणण्यांत मात्र तथ्य आहे. ते म्हणतात कीं, गूगल, फेसबुक, ॲमेझॉन या दुकानदारांनींच आपापल्या दुकानांत नाके बसविले आहेत; काय वर दिसावें आणि काय खालीं गाडलें जावें हें तेच ठरवितात; मग रस्त्याच्या तटस्थतेचें एवढें कौतुक कशास? रोग खरा आहे, आणि त्यास निराळें औषध हवें. पण एक घर आजारी आहे म्हणून गांवची विहीर नासूं देणें हा उपाय नव्हे. दुकान कितीहि मोठें असलें तरी त्याच्या बाहेर पडून दुसरें दुकान काढतां येतें, आणि तें काढतां यावें यासाठींच रस्ता मोकळा पाहिजे. रस्त्यावरच नाका बसला, तर बड्या दुकानदाराचा प्रतिस्पर्धी जन्मासच येणार नाहीं.

आतां मराठीकडे वळतों. कारण या वादांत आमचें खरें गुंतलेलें आहे तें येथें. २०११ च्या जनगणनेप्रमाणें मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या सुमारें ८ कोटी ३० लाख आहे. २०२४ च्या ऑक्टोबरांत मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला; सभा झाल्या, हार-तुरे झाले. परंतु भाषा जगते ती दर्जानें नव्हे, रहदारीनें. आज मराठी मजकुराची रहदारी कोणाच्या जिवावर चालते तें पाहा. वाईहून निघालेला मराठी विश्वकोश आंतरजालावर मोफत वाचतां येतो. २००३ सालीं सुरू झालेला मराठी विकिपीडिया बिनमोबदला राबणाऱ्या लेखकांनीं उभारला. जुन्या मासिकांचे अंक, संतवाङ्मय, लोकगीतांचे संग्रह, कोणा निवृत्त शिक्षकानें टिपलेले बोलींतील शब्द, हें सर्व कोणा ना कोणा हौशी माणसानें आपल्या पदरचे पैसे घालून तेथें आणून ठेविलें आहे. यांतील एकाजवळहि दूरसंचार कंपनीशीं करार करण्याइतका पैसा नाहीं, आणि असा करार करून परत मिळवावा असा नफाहि नाहीं. मोफत स्थळांची यादी करावयास बसलेल्या कंपनीच्या कारकुनापुढें क्रिकेट येईल, सिनेमा येईल, बाजार येईल. ज्ञानेश्वरीची सार्थ प्रत किंवा शंभर वर्षांपूर्वींच्या मासिकाचा अंक त्याच्या यादींत येण्याचें कांहीं कारण नाहीं. इंग्रजीस नाका परवडतो. हिंदीस तिच्या संख्याबळावर कदाचित् परवडेल. मराठीतल्या लहान कामास तो परवडणार नाहीं. ज्या वाटेवर दाम वजनाचा आहे त्या वाटेनें आमची भाषा आपल्या पायांनीं चालूं शकते. ज्या वाटेवर दाम ओळखीचा आहे, तेथें तिला कोणाचें तरी बोट धरून चालावें लागेल.

‘पण आपल्याकडे नियम झालेला आहे ना?’ होय, झालेला आहे, आणि त्याचा आम्हांस अभिमान आहे. २०१६ चा दरांविषयींचा नियम, ट्रायच्या २०१७ च्या नोव्हेंबरांतील शिफारशी, आणि २०१८ च्या जुलैंत सरकारनें त्या मान्य करून परवान्यांत घातलेली अट, या तिहींमुळें भारताची व्यवस्था जगांतील कडक व्यवस्थांपैकीं एक समजली जाते. तथापि तिचा पाया कोठें आहे तें पाहावें. तो नियामकाच्या नियमांत व परवान्याच्या शर्तींत आहे; २०२३ च्या दूरसंचार कायद्यांत या तत्त्वास त्याच्या नांवानें स्वतंत्र कलम मिळालेलें नाहीं. नियमावर उभ्या असलेल्या हक्काची काय अवस्था होते हें अमेरिकेनें दाखविलें आहे: तेथें २०१५ सालीं तटस्थतेचा नियम झाला, २०१७ सालीं तो रद्द ठरला, २०२४ सालीं पुन्हां आला, आणि २०२५ च्या जानेवारींत एका अपील कोर्टानें तो पुन्हां उडविला. मंडळ बदलतांच हक्क बदलावा, हें भाडेकरूचें जिणें आहे, नागरिकाचें नव्हे. आपल्या नियमांत अपवादहि आहेत: आणीबाणीचा प्रसंग, आणि ज्यांस वेगाची खास हमी लागते अशा विशेष सेवा. अपवाद योग्यच आहेत. रुग्णवाहिकेस वाट दिलीच पाहिजे. पण दिवा फिरविणारी प्रत्येक मोटार रुग्णवाहिका नव्हे, आणि उद्यां ‘विशेष सेवा’ या नांवाखालीं नित्याची दुकानदारी पुढें सोडली जात नाहीं ना, हें पाहणारा कोणी हवा. कंपन्या, तज्ज्ञ, ग्राहक या सर्वांचे प्रतिनिधि असलेलें मंडळ यासाठीं नेमावें, अशी शिफारस ट्रायनें २०२० च्या सप्टेंबरांतच केलेली आहे.

म्हणून आमची मागणी दोन ओळींत मांडतां येते. रेल्वेच्या कायद्यांत जसें एक कलम आहे, तसेंच एक कलम दूरसंचाराच्या कायद्यांत असावें. आणि तें पाळलें जातें कीं नाहीं हें तपासणाऱ्या मंडळांत ग्राहकांची व देशी भाषांची माणसें असावीं. हें घडविण्यासाठीं कोणास मोर्चा काढावयाचा नाहीं. ट्राय वेळोवेळीं पत्रिका काढून लोकांचें मत मागवितें; त्या पत्रिकांस उत्तरें धाडण्याचें काम कंपन्यांचे वकील न चुकतां करतात. आपण तें करीत नाहीं, कारण आपणांस वाटतें कीं आपल्या चार ओळींनीं काय होणार. २०१५ च्या एप्रिलांत त्या चार ओळींनींच काम केलें होतें. पुढची पत्रिका निघेल तेव्हां आपल्या घरांतील ज्या कोणास लिहितां येतें त्यानें आपलें मत आपल्या शब्दांत, आणि शक्य तर आपल्या भाषेंत, लिहून धाडावें. नाक्याची फळी एकदां खालीं आली, कीं ती वर करून घेण्यासाठीं आर्जवें करावीं लागतात. ती येण्यापूर्वीं मात्र नुसतें ‘नको’ म्हटलें तरी पुरतें.